‘वर्गात लक्ष नाही’ : तिसरीतल्या एका मुलाची दिवसाची तक्रार आणि रात्रीची हकीगत

हे प्रकरण आठ वर्षांच्या मुलाचं आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, धाकटी मुलगी त्यांच्यासोबत असते आणि हा मुलगा शाळा बुडू नये म्हणून गावात आजीपाशी राहतो. मी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांचा दवाखाना चालवते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गणपती नुकतेच उठले होते. वडील मुलाला घेऊन आले ते शाळेची चिठ्ठी हातात धरूनच. गुरुजींनी नेमकं लिहिलं होतं, आणि असं नेमकं लिहिणारे शिक्षक मिळाले की डॉक्टरचं निम्मं काम होतं. मुलगा जागेवर बसत नाही. सांगितलेलं अर्धवट ऐकतो. फळ्यावरचं उतरवायला घेतो आणि दोन ओळींनंतर सोडून देतो. शेजारच्याला ढकलतो, रांगेत मारामारी करतो. दुपारच्या खिचडीनंतर तर आवरतच नाही. पहिलीत बरा होता, दुसरीपासून मागे पडला. खाली एक ओळ वेगळ्या शाईत होती : ‘कधीकधी बसल्याबसल्या डुलक्या घेतो.’

याआधी एका ठिकाणी दाखवून झालं होतं. तिथं ‘अतिचंचल आहे’ असं तोंडी सांगितलं होतं. वडिलांची मागणी सरळ होती. ‘दसरा झाला की आम्हाला निघायचंय मॅडम. तेवढ्यात डोकं शांत व्हायची गोळी चालू करून द्या.’

एडीएचडी म्हणजे अवधानातली कमतरता आणि अतिचंचलता. त्याचं निदान रक्त तपासून किंवा फोटो काढून होत नाही, वागणुकीवरून होतं. लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ अशा लक्षणांपैकी एका गटातली निदान सहा लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ हवीत, ती बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि घरी-शाळेत अशी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आईवडिलांची आणि गुरुजींची प्रश्नावली भरून घेतली तेव्हा दोन्हींत मुलगा रेषेच्या पलीकडे गेला. कागदावर निदान जमून आलं होतं.

पण या प्रश्नावल्यांत रात्रीचा एकही प्रश्न नसतो. मुलाचं तोंड उघडं होतं, डोळ्यांखाली काळसर झाक होती आणि माझ्यासमोर बसून तो आवाज करत श्वास घेत होता. अमेरिकेतल्या बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही एडीएचडी ठरवताना झोपेत श्वास अडतो का हे बघायला सांगितलं आहे. मी वडिलांना विचारलं, झोप कशी आहे?

‘एक नंबर. पडला की घोरायलाच लागतो. लई गाढ झोप आहे त्याची.’

आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, हे इतकं पक्कं बसलंय की कुणी ते तक्रार म्हणून सांगतच नाही. दिवसभर रानात राबलेला माणूस घोरतो, तसं पोरगंही खेळून दमलं म्हणून घोरतं, असा हिशोब असतो. मी पुढचा प्रश्न विचारला : त्याच्या शेजारी कोण झोपतं? वडील बाहेर ओट्यावर, आई धाकटीला घेऊन आतल्या खोलीत, आणि हा आजीपाशी. शिवाय वर्षातले पाच-सहा महिने आईवडील कारखान्याच्या फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत. या मुलाच्या रात्री ज्या बाईनं पाहिल्या होत्या ती दवाखान्यात आलेलीच नव्हती. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते मुख्यतः यासाठी. मुलाची दिवसाची तक्रार घेऊन येतात ते वडील, शिक्षक, फार तर आई. रात्र पाहिलेली असते आजीनं, मोठ्या बहिणीनं, वसतिगृहातल्या शेजारच्या पोरानं. त्या माणसाला बोलावल्याशिवाय मी आता अशा मुलाच्या कागदावर कुठल्याही आजाराचं नाव लिहीत नाही.

आजी पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी आली.

‘झोपतंय कुठं म्याडम? रातभर लढतंय लेकरू,’ तिनं सुरुवातच अशी केली. ‘आदी घोरतंय. मग एकदम गप्प. मला वाटतंय, गेलं का काय माय! मी हलविते, तवा हुंदका दिल्यावानी दम घेतंय आन कूस बदलतंय. परत तेच. उशी टाकून देतंय, मान मागं लटकत ठिवतंय. थंडीतबी बंडी घामानं भिजती.’

अजून काही? ती जरा थांबली, मुलाला बाहेर पाठवलं आणि मग म्हणाली, ‘दोन वरीस झाले, आथरुणात परत करायलंय. पाचव्या वर्साला बंद झालं हुतं. बापाला ठावं नाही, मारंल म्हणून मीच वाकळ धुवून टाकते.’

सकाळी उठवायला अर्धा तास लागतो, उठल्यावर कपाळ दुखतं म्हणतो, तोंड कोरडं पडलेलं असतं, हेही तिनंच सांगितलं. थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, मान मागे टाकून झोपणं, घाम, सकाळची डोकेदुखी : झोपेत श्वास अडणाऱ्या मुलाचं वर्णन याहून नीट करणं अवघड आहे. मान मागे टाकली की घशातली वाट थोडी मोकळी होते, म्हणून मूल झोपेतच तो उपाय शोधतं.

आजीकडे साधा फोन होता. शेजारच्या पुतण्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगितला, पण वेळ ठरवून दिली : पहाटे चार ते पाच. मुलांमध्ये हा अडथळा स्वप्नांच्या झोपेत सगळ्यात जास्त असतो आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त येते. रात्री दहाला काढलेल्या व्हिडिओत पुष्कळदा नुसतं घोरणं दिसतं आणि घरचेही निर्धास्त होतात. बंडी काढून, छाती-पोट दिसेल असं, बॅटरीच्या उजेडात, निदान तीन मिनिटं काढायचा, एवढं सांगितलं.

तो व्हिडिओ मी अजूनही शिकाऊ डॉक्टरांपुढे शब्दांत मांडते, कारण त्यात सगळं आहे. सुरुवातीला घोरण्याचा खरखरीत आवाज. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय. मग आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून श्वास नीट झाला असं वाटेल, पण छातीकडे बघा : पोट वर येतंय तेव्हा छाती आत जातेय. म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू आहे, हवा मात्र आत जात नाही. मुलांमध्ये दोन श्वासांएवढा वेळ असं झालं तरी त्याला श्वास अडणं म्हणतात, इथं तर चार-पाच धडपडी वाया गेल्या. मग सगळं अंग ताणलं जातं, हुंदक्यासारखा एक मोठा श्वास, आणि मूल पालथं होऊन गुडघे पोटाशी घेतं. मागून आजीचा हात येऊन पाठ थोपटतो. अर्ध्या मिनिटात पुन्हा घोरणं सुरू.

तपासणीत टॉन्सिल जवळजवळ एकमेकांना टेकलेले. नाकातून हवा येते का हे बघायला स्टीलचा चमचा नाकपुड्यांखाली धरला, तर धुकं नावाला धरलं. ‘मामा’ म्हणायला सांगितलं, ते ‘बाबा’सारखं ऐकू आलं. नाकामागची वाट बंद असली की अनुनासिक अक्षरं अशीच येतात. नाकामागच्या या गाठीला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, मानेच्या आडव्या एक्स-रेत तिची सावली दिसते आणि ती मोठी होती. वजन वयाच्या मानानं कमी. हे मुद्दाम सांगते, कारण झोपेत श्वास अडणं हा जाड माणसांचा आजार अशी समजूत आहे. दोन ते आठ वर्षांच्या वयात घशाच्या मानानं टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड मोठे असतात, त्यामुळे किडकिडीत मुलांनाही तो होतो. रात्रभर श्वासासाठी मेहनत आणि गाढ झोपेत स्रवणाऱ्या वाढीच्या हार्मोनची कमतरता, यानं उलट काहींची वाढच खुंटते.

आणखी एक गोष्ट सापडली. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी होतं. अ‍ॅडिनॉइडमुळे कान आणि घसा जोडणारी नळी दाबली जाते आणि मधल्या कानात द्राव साठतो. ऐकण्याची तपासणी केली तर दोन्हीकडे सौम्य कमी ऐकू येत होतं. मागे बसलेल्या मुलाला फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकाचं अर्धंच ऐकू येत असेल, तर ‘सांगितलेलं अर्धवट ऐकतो’ ही तक्रार शब्दशः खरी होती.

आता नेहमीचा प्रश्न. झोप झाली नाही तर मूल पेंगुळलेलं हवं, हे पोरगं उलट धिंगाणा का घालतं? मोठी माणसं झोप अपुरी झाली की सुस्तावतात. मुलांचं बहुधा उलट होतं. मेंदूचा पुढचा भाग, जो आवर घालतो, मनात आलेलं थोपवतो, हातातलं काम धरून ठेवतो, तो तुटक झोपेनं आणि रात्रीतून पुनःपुन्हा घसरणाऱ्या ऑक्सिजननं थकतो. आणि डोळ्यांवर येणारी झोप मूल हालचालीनं हटवतं : चुळबुळ, धावणं, कुणाला तरी चिमटा काढणं. जेवणानंतर झोप जास्त येते, म्हणून दुपारच्या खिचडीनंतर दंगा जास्त. हात-पाय थांबले की डुलकी. गुरुजींनी वेगळ्या शाईत लिहिलेली ती ओळ इथं येऊन बसते.

ही काही नवी कल्पना नाही. विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरनं १८८९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तोंडानं श्वास घेणाऱ्या, घोरणाऱ्या, सकाळी कोरड्या तोंडानं उठणाऱ्या आणि शाळेत ‘ढ’ ठरलेल्या मुलांविषयी लिहिलं होतं. १९७६ मध्ये गिल्मिनो या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांचं नीट वर्णन केलं. १९९८ मध्ये गोझल या संशोधकांनी पहिलीतली, वर्गात तळाशी असलेली २९७ मुलं तपासली. त्यांतल्या ५४ जणांना झोपेत श्वासाची अडचण निघाली आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांचे पुढच्या वर्षीचे गुण वाढले, उपचार न घेतलेल्यांचे नाहीत.

झोपतपासणी, म्हणजे रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन असं सगळं नोंदवणारी चाचणी, ही यातली पक्की तपासणी. पण लहान मुलांसाठी ती मोठ्या शहरात होते, आणि तिथं जाऊन-येऊन राहणं या कुटुंबाला झेपणारं नव्हतं. म्हणून बोटाला लावून रात्रभर ऑक्सिजन नोंदवून ठेवणारं यंत्र वापरलं. सकाळच्या आलेखात ऑक्सिजन घसरल्याच्या झुपकेच्या झुपके नोंदी होत्या, बऱ्याच नव्वद टक्क्यांच्या खाली. असा आलेख आला की निदानाबद्दल फारशी शंका राहत नाही. साधा आला असता तर मात्र ‘काही नाही’ असं म्हणता आलं नसतं, कारण सौम्य अडथळा या यंत्रातून निसटतो.

बाकीची कारणंही चाचपली. पाय वळवळणं, रात्री पाय ‘ओढल्यासारखे’ वाटणं यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. आजीला विचारलं तर पाय झाडतो म्हणाली. रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, १४ आला. पाय अस्वस्थ असणाऱ्या मुलांमध्ये तो ५० च्या खाली असेल तर लोह देतात, म्हणून ते लगेच सुरू केलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय दिसला होता. हीच मुलं पुढे शाळेत जातात. लक्ष लागत नाही म्हणून आलेल्या मुलाचं फेरिटिन बघायला काहीच हरकत नसावी. क्षणभर टक लावून हरवणारी फिट नव्हती, थायरॉइड ठीक होतं.

आणि झोपेचे तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. आमच्या भागात ती मोडायची कारणं मोबाइलपुरती नाहीत. शेतीची लाईट रात्रीची असली की बाप पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो आणि बॅटरी धरायला पोरगं सोबत. फडावर गेलेली मुलं पहाटे तीन-चारला आईसोबत उठतात. शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांच्या झोपेसाठीच, आणि मला तो निर्णय मनापासून पटतो. पण या मुलाचे तास पुरे होते. साडेआठला झोपायचा, सहाला उठायचा. तास भरत होते, झोप भरत नव्हती. म्हणून नुसतं ‘किती वाजता झोपतो’ एवढं विचारून भागत नाही.

वडिलांना आलेख दाखवला, व्हिडिओ पुन्हा लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘म्हंजी ह्याला गोळी नको?’ मी सांगितलं की आत्ता नको. श्वासाची वाट आधी मोकळी करू, मग जे उरेल ते मोजू.

सौम्य अडथळ्यात नाकातला स्टिरॉइड फवारा काही आठवडे देऊन वाट पाहता येते. इथं ऑक्सिजन इतका घसरत होता की थांबण्यात अर्थ नव्हता. फवारा चालू केला, पण टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढणं आणि त्याच वेळी कानातलं पाणी काढणं हाच सल्ला कान-नाक-घसा तज्ज्ञांनीही दिला.

अडचण वैद्यकीय नव्हती. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती. या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात घशातली खपली सुटते तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. तो कमी मुलांना होतो, पण झाला तर तासाभरात दवाखाना गाठावा लागतो, आणि यांच्या गावातून रात्री वाहन मिळत नाही. म्हणजे आईनं मुलाला घेऊन तालुक्याला राहायला हवं. आई थांबली की वडील एकटे, आणि तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मजुरी निम्मी, उचल फिटायला लांबणार. ‘पुढच्या वर्षी करू’ हा पर्याय घरात दोन दिवस जोरात होता. तो मोडून काढला आजीनं. तिचं म्हणणं एवढंच होतं की अजून एक हिवाळा मी हे बघत बसणार नाही.

नवरात्रात शस्त्रक्रिया झाली. अडथळा जास्त असलेल्या मुलाला त्या रात्री घरी सोडत नाहीत, ऑक्सिजनवर नजर ठेवतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल. कोडीन हे वेदनाशामक अशा मुलांना देत नाहीत, २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल कडक इशारा दिला आहे. घशात पांढरा थर येतो तो पू नव्हे आणि खायला मऊ भात, दूध, पेज, एवढं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. आई मुलासह तालुक्यातल्या बहिणीकडे राहिली, रक्तस्राव झाला नाही, आणि दोन आठवड्यांनी ती मागच्या गाडीनं फडावर गेली.

घोरणं पहिल्या काही आठवड्यांतच गेलं. दिवाळीनंतर अंथरूण कोरडं राहायला लागलं. तीन महिन्यांनी वजन वाढलेलं, ऐकणं नॉर्मल. गुरुजींनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून दिली. चंचलतेचे गुण रेषेच्या बरेच आत आले होते, मारामारीची नोंद नव्हती, दुपारच्या डुलक्या बंद होत्या.

लक्षाचे गुण मात्र रेषेवरच रेंगाळले. इथं मी पालकांना खोटा भरवसा देत नाही. २०१३ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात शस्त्रक्रियेनंतर वागणूक, जीवनमान आणि झोपतपासणी स्पष्ट सुधारली, पण लक्षाच्या प्रत्यक्ष चाचणीत फरक पडला नाही. २००६ मधल्या चर्विन यांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी एडीएचडीच्या निकषात बसलेल्या २२ मुलांपैकी ११ मुलं वर्षभरानं त्यात बसत नव्हती. म्हणजे उरलेली ११ बसतच होती. झोपेचा आजार एडीएचडीसारखा दिसू शकतो, आणि दोन्ही एकाच मुलात असूही शकतात. गोळीला माझा विरोध नाही. ज्याला गरज आहे त्या मुलाला ती नाकारणं हेही नुकसानच आहे.

या मुलाच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. दुसरीचं सगळं वर्ष त्यानं निम्मं ऐकत, निम्मं पेंगत काढलं होतं. त्याला जोडाक्षरं येतच नव्हती. ‘शाळा’ वाचायचा, ‘प्रश्न’वर अडायचा आणि अडला की उठून जायचा. हे लक्ष नसणं आहे की न येण्याची लाज, हे प्रश्नावली सांगत नाही. गुरुजींनी त्याला पुढच्या रांगेत बसवलं आणि परिपाठाआधी रोज जोडाक्षरं घेतली. मार्चपर्यंत तो बालभारतीचा धडा अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचत होता.

सध्या तो चौथीत आहे. लोह बंद झालं, फेरिटिन ५० च्या वर आहे. ज्वारीच्या मळणीच्या धुरळ्यात आणि चुलीच्या धुरात नाक चोंदतं, तेवढ्यापुरता फवारा चालू करतो. घोरणं परत येऊ शकतं, म्हणून वर्षातून एकदा पहाटेचा व्हिडिओ काढून आणायला सांगितला आहे. गुरुजींची प्रश्नावली दिवाळीनंतर आणि वार्षिक परीक्षेआधी, अशी दोनदा भरून येईल. वाचन वर्गाच्या बरोबरीला आल्यावरही लक्षाचे गुण रेषेवरच राहिले, तर आईवडील फडावरून परतल्यावर एडीएचडीचं पूर्ण मूल्यमापन करायचं, असं त्यांच्याशी आणि आजीशी बोलून ठरवलं आहे.